झोलन, अर्थ दुसरा

दास वेंटील. नपुंसकलिंग. मराठीत तो व्हॉल्व्ह, जर्मनमध्ये ते.

*

ओलं कापड रोलरांवरून ताणून पुढे जात असतं. मध्येच ताण सुटला आणि ते लोंबायला लागलं की खात्यात हाळी उठते : झोल पडला, झोल.

*

खिद्रापूरचं देऊळ. मंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा, तिच्यातून आभाळ.

*

एकाहत्तर. एकोणसत्तर.

*

भाकरीवर हात ठेवून घेतलेली शपथ किती भाषांत लागू होते?

*

हजेरीपुस्तकात एका मंगळवारी माझ्या नावापुढे लाल शाईत 'र' आहे. रजा. मावसबहिणीची हळद, जयसिंगपूर.

*

उताऱ्याचे भाषांतर करा

गुरुवारी सकाळी आवटीसाहेबांनी माझ्या टाइपरायटरवर तीन पानं ठेवली आणि बारापर्यंत मराठीत पाहिजे म्हणाले. ते आमचे वर्क्स मॅनेजर. पुण्याला भाषांतराला पाठवलं तर पंधरा दिवस जातात, तू दोन वर्षं जर्मन शिकतेस ना, मग कर, असं त्यांचं म्हणणं. मी चोवीस वर्षांची होते, टायपिस्ट होते आणि खूश झाले होते. एवढं कबूल करून पुढे जाते.

इचलकरंजीतलं ते प्रोसेस हाऊस. माग विणतात ते कापड आमच्याकडे धुऊन, रंगवून, वाळवून जायचं. वाळवायला जर्मनीहून नवं मशीन आलं होतं. अठरा पोलादी सिलिंडर, त्यांच्या आतून वाफ, वरून कापड. ते बसवून द्यायला एगर्ट नावाचे गृहस्थ दोन महिने गेस्टहाऊसवर राहत होते. त्यांचं सामान बांधून झालं होतं आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, एका सिलिंडरचं झाकण उडालं. आवाज नदीपर्यंत गेला. माणूस कुणी जखमी झालं नाही.

सुट्टीत मशीन थांबलं की वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, असा नियम. ते काम ऑपरेटरचं. ऑपरेटर होते भूपाल मगदूम. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. वय एक्कावन्न, कपाळाला गंधाचा ठिपका, खिशात कायम एक छोटी वही. अण्णा म्हणाले, मी बंद केला होता. पण झाकण उडाल्यावर धावत आलेल्या चार-पाच जणांनी घाबरून ते चाक इकडेतिकडे फिरवलं होतं. आता कोण काय सिद्ध करणार? एगर्टसाहेबांनी बुधवारी चौकशी केली, अहवाल लिहिला आणि विमान गाठायला मुंबईला निघून गेले.

तीन पानांतली अडीच पानं दाब, तापमान, गॅस्केट. ती मी शब्दकोश घेऊन रेटली. तिसऱ्या पानावर हे वाक्य होतं :

हेर मगदूम झोल दास वेंटील रेख्टत्सायटिख गेश्लोसन हाबन.

शब्द सगळे येत होते. रेख्टत्सायटिख, वेळेवर. गेश्लोसन, बंद केलेलं. हाबन, मदतीला आलेलं क्रियापद, शेवटी उभं. आणि झोल. झोलन या क्रियापदावर आमचा अख्खा एक धडा झाला होता. सिगारेट ओढू नये. आईचं ऐकायला पाहिजे. झोलन म्हणजे पाहिजे, हवं.

मी टाइप केलं : श्री. मगदूम यांनी व्हॉल्व्ह वेळेवर बंद करायला हवा होता.

बाराला दहा कमी असताना कागद साहेबांच्या टेबलावर होता. तीन वाजता अण्णांना निलंबनाची चिठ्ठी मिळाली. तीही मीच टाइप केली.

*

कंसातील योग्य शब्द निवडा

वर्गाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मशीन येणार म्हणून कंपनीने कँटीनमध्ये जर्मनचा वर्ग सुरू केला होता. दर शनिवारी सांगलीहून रानडेबाई एसटीने यायच्या. सुरुवातीला बावीस जण होते. पुल्लिंगी टेबल, स्त्रीलिंगी दिवा आणि नपुंसकलिंगी मुलगी इथपर्यंत येताना तेरा गळाले. नपुंसकलिंगी मुलगी ऐकून सगळे हसले होते. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यात काय, आपण म्हणतोच की, ते पोरगं झोपलंय, असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

अण्णांचं सगळंच असं. जर्मनमध्ये 'कारण' हा शब्द आला की क्रियापद उडी मारून वाक्याच्या शेवटी जातं, यावर इंजिनियर लोकांनी डोकी धरली होती. अण्णांनी टेबलावर थाप मारली. मराठीत ते शेवटीच असतंय, म्हणाले. कारण म्हटलं की जर्मन माणूस मराठी बोलायला लागतोय.

त्यांच्या शेजारी दस्तगीर मुजावर बसायचे. रंगखात्याचे मास्तर. नखं कायम निळी किंवा लाल. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, तेवीस वर्षं एका बाकावर जेवलेले. अण्णा जैन, कांदासुद्धा खायचे नाहीत. म्हणून दस्तगीरभाईंच्या डब्यात कांदा नसायचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

मग परीक्षा झाली. खात्यांत काम करणाऱ्यांतून पहिला येईल त्याला कंपनी तीन महिने जर्मनीला शिकायला पाठवणार होती. जागा एकच. अण्णांना एकाहत्तर पडले, दस्तगीरभाईंना एकोणसत्तर. दस्तगीरभाई भर कँटीनमध्ये म्हणाले की ह्यानं माझ्या पेपरात बघून लिहिलं. अण्णांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "तुझ्यात बघून लिहिलं तर मला तुझ्यापेक्षा दोन जास्त कसे पडले?"

सगळं कँटीन हसलं. ते हसणंच वाईट झालं. दस्तगीरभाईंनी समोरच्या भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाले की आजपासून ह्या माणसाशी बोलणार नाही, ह्याचं नाव तोंडातून काढणार नाही. डबा उचलला आणि गेले. तेव्हापासून आठ महिने ते कुठे जेवायचे ते कुणाला ठाऊक नव्हतं.

अण्णांचं विमान एप्रिलमध्ये होतं. निलंबनानंतर ते जाणार नाहीत हे उघड होतं. मग यादीत दुसरं नाव कुणाचं, हेही उघड होतं.

*

शंकानिरसन

शुक्रवारी मी पाच वाजता सायकल काढली आणि गावभागात अण्णांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. भाषांतर मी केलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच मला माहीत होतं.

अण्णा अंगणात शेंगा फोडत बसले होते. मला बघून बायकोला चहा टाकायला सांगितलं. पहिलंच वाक्य, "बरं झालं आलीस. माझा शनिवारचा अभ्यास कोण तपासणार म्हणून काळजीत होतो." आणि खरंच वही पुढे केली.

मी वही घेतली नाही. सांगून टाकलं. अहवाल मी मराठीत केला, त्यात तुम्ही बंद करायला हवा होता असं लिहिलंय, मी ते बदलू शकत नव्हते.

ते रागावले नाहीत. थोडा वेळ शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले की एगर्ट असं लिहायचा नाही. मला त्यानं स्वतः विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. त्याला पटलं नसेल तर तो 'माहीत नाही' लिहील, पण 'हवा होता' लिहिणार नाही.

"वाक्य आहे तुझ्याकडं?"

वाक्य माझ्या पर्समध्ये होतं. गोपनीय कागद बाहेर न्यायचा नसतो. मी ते वाक्य बसच्या तिकिटामागे उतरवून आणलं होतं. अण्णांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं. आपलंच नाव वाचून भुवया वर केल्या. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

"खिद्रापूरला गेलो होतो की नाही आम्ही, एगर्ट आणि मी? जायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, देर टेंपल झोल झेर आल्ट झाइन. मला राग आला. देऊळ फार जुनं असायला पाहिजे? पाहिजे म्हणजे काय, हायच. मी म्हटलं, साहेब, ते काय कालपरवा बांधलंय व्हय. तर तो हसाय लागला."

"मग?"

"मग म्हणाला, तसं न्हाई मगदूम. मान झाग्ट. माणसं म्हणतात. मी बघितलं न्हाई, पुस्तकात हाय, लोक सांगतात. म्हणून झोल." तिकीट त्यांनी गुडघ्यावर सपाट केलं. "आपण नसतो का म्हणत? देऊळ म्हणे फार जुनं हाय. पाटलाची पोरगी म्हणे पळून गेली. तसलं हे म्हणे हाय, शैला."

त्यांनी वहीत नोंदही केली होती, तारखेसकट. झोलन, अर्थ दुसरा : म्हणे. आणि खाली बारीक अक्षरात स्वतःच्या समजुतीसाठी : कापडात झोल पडतो तसा. वाक्य ताणून धरलेलं नाही. बोलणाऱ्यानं हात सोडलाय.

मी मनात तीच ओळ पुन्हा पुन्हा मांडली.

श्री. मगदूम यांनी व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता.

श्री. मगदूम यांनी व्हॉल्व्ह बंद केला असायला हवा.

श्री. मगदूम यांनी व्हॉल्व्ह म्हणे वेळेवर बंद केला होता.

तिसरं. तिसरंच. 'करायला हवा होता' म्हणायला जर्मनमध्ये निराळी मांडणी लागते, ती आमच्या पुस्तकात पुढच्या भागात होती. मी उठलेच. साहेबांकडे आत्ता जाते म्हणाले. अण्णांनी बस म्हणून हाताने खूण केली.

"पण कुणी म्हटलं?"

मला कळलं नाही.

"म्हणे आलं म्हणजे म्हणणारा आला. मी माझं सांगितलं असतं तर तो लिहिता, मगदूम स्वतः सांगतो. त्याला दुसरी पद्धत हाय. हे दुसऱ्या कुणीतरी सांगितलंय."

एगर्टना मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, इंग्रजी आम्हा दोघातिघांपुरतं. एरवी त्यांचं बोलणं मी इकडचं तिकडे करायचे. मंगळवारी मी हळदीला. बुधवारी मी त्यांच्यासोबत होते आणि माझ्यासमोर कुणीही असं बोललं नव्हतं. म्हणजे सांगणाऱ्याने ते माझ्या मागे आणि जर्मनमध्ये सांगितलं होतं. जर्मन येणारी माणसं नऊ. सुट्टीत त्यातली आठ कँटीनमध्ये असतात.

मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्या आधी तिथे पोचले होते.

"विचारू नको त्याला," अण्णा म्हणाले. "नाव घालू नका म्हणून सांगितलं असणार त्यानं. म्हणून तर झोल घातलाय. ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, राहू दे कसं, तुमची नोकरी जाईल, जर्मनी जाईल.

"त्यानं खरं सांगितलं तर त्याची जाईल," ते म्हणाले आणि चहा आला.

*

प्रश्न विचारा

शनिवारी सकाळी एसटी स्टँडवरच रानडेबाईंना गाठलं. त्यांनी वाक्य वाचलं आणि माझ्या पाठीत हलकीच चापट मारली. मगदूम बरोबर आहेत, म्हणाल्या. हे मी पुढच्या वर्षी शिकवणार होते, तुझा साहेब एक वर्ष थांबला असता तर बरं झालं असतं.

बाई माझ्याबरोबर आवटीसाहेबांकडे आल्या आणि चूक कुठे झाली ते त्यांनीच समजावलं. साहेब कडक होते पण वाईट नव्हते. माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं. ते पाहणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मग म्हणाले की ठीक आहे, व्याकरण मान्य. पण 'म्हणे' हा काही पुरावा नाही. कुणीतरी म्हणे पाहिलं. कोण ते? चार वाजता मला जर्मनीला टेलेक्स पाठवायचाय, शिकायला येणाऱ्याचं नाव कायम करून. तोपर्यंत म्हणणारा माझ्यासमोर उभा करा, नाहीतर मुजावरचं नाव जाईल.

मी अण्णांचं ऐकलं नाही. रंगखात्यात गेले.

दस्तगीरभाई बादलीत काठी फिरवत होते. केशरी रंग, भगवा म्हणावा इतका गडद. मी फिरवून फिरवून विचारत होते, तेवढ्यात त्यांनीच काठी थांबवली आणि विचारलं की एगर्टसाहेबानं असं कसं लिहिलं? मी त्याला नीट सांगितलं होतं.

म्हणजे ते दोन दिवस हेच धरून बसले होते. चिठ्ठी निघाल्यापासून. त्यांना वाटलं, आपलं जर्मन चुकलं. आपण उलटं बोलून बसलो आणि आपल्या चुकीमुळे तो गेला.

मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.

ते बादलीच्या काठावर टेकले. सिलिंडरांच्या मागे, भिंतीला लागून एक लाकडी खोकं आहे. आठ महिने ते तिथे बसून जेवत होते. कँटीनमध्ये तो बाक होता, तो बाक नको होता. मंगळवारी तिथूनच त्यांना मशीनच्या फटीतून अण्णांचे हात दिसले होते. चाक घट्ट होईपर्यंत फिरवून, वर एकदा तळव्याने ठोकून, धोतराला हात पुसून ते गेले; दस्तगीरभाई डबा धुवायला उठले, त्यानंतर झाकण उडालं. "तेवीस वर्षं असंच ठोकतोय," दस्तगीरभाई म्हणाले. "शेवटी एक थाप. बैलाला मारावी तशी."

मग हे आवटीसाहेबांना का नाही सांगितलं? मंगळवारीच?

"नाव घेणार न्हाई म्हणून बोललो होतो की. अन्नावर हात ठेवून." त्यांनी निळ्या नखांनी केशरी रंग खरवडला. "ते मराठीत बोललो होतो. जर्मनमध्ये काय बोललो नव्हतो."

आणि जर्मनमध्येही त्यांनी नाव घेतलंच नव्हतं. 'देर कोलेगे' म्हटलं होतं. सहकारी. एगर्टना कळलं होतं कोण. माझं नाव लिहू नका, हेही सांगितलं होतं. कारण लोक म्हणतील की ह्याला जायचं होतं म्हणून हा काहीतरी डाव खेळतोय. कसला डाव, हे कुणी विचारणार नाही, नुसतं म्हणतील.

मी चार वाजताचं सांगितलं. टेलेक्सचं सांगितलं. नाव कुणाचं जाईल तेही सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. काठी घेऊन त्यांनी बादली पुन्हा ढवळली, बराच वेळ. केशरी रंगाला थांबवता येत नाही, डाग धरतो.

*

तोंडी परीक्षा

चार वाजायला पाच मिनिटं. आवटीसाहेबांच्या खोलीत साहेब, मी, आणि दाराशी अण्णा. त्यांना घरून बोलावून घेतलं होतं. निलंबित माणसाला बसायला सांगायचं की नाही हे साहेबांना ठरवता येत नव्हतं, म्हणून कुणीच बसलं नव्हतं. दस्तगीरभाई आले. हात धुऊन आले होते, तरी कोपरापर्यंत केशरी. अण्णांकडे त्यांनी पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, बोला मुजावर.

दस्तगीरभाईंनी घसा साफ केला आणि जर्मनमध्ये सुरुवात केली.

साहेबांनी हात वर केला. मराठीत सांगा म्हणाले. दस्तगीरभाईंनी मान हलवली. काय पोरखेळ चाललाय, असं साहेबांनी मला विचारलं. मी शपथेचं सांगितलं. साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. कपाळ चोळलं. "बरं. तू सांग मराठीत. पण या वेळी नीट."

"इख वार दा," दस्तगीरभाई म्हणाले.

मी तिथे होतो, असं मी सांगितलं.

"एर हाट डेन वेंटील..."

इथे मी अडले. व्याकरणात नाही. 'एर' म्हणजे तो. जर्मनमध्ये पोराला एर, साहेबाला एर, देवाला एर. मराठीत मला निवडावं लागणार होतं. त्याने म्हणायचं की त्यांनी? आठ महिने या माणसाने त्या माणसाला कुठलंच सर्वनाम लावलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि "अण्णांनी" असं निघालं. दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. हरकत घेतली नाही.

"दास," दाराशी उभे असलेले अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा टेबलावरच्या काचेकडे बघत होते, चूक केलेल्या माणसासारखे. डेन वेंटील चुकीचं होतं. मराठीत तो व्हॉल्व्ह, म्हणून दस्तगीरभाईंनी ते पुल्लिंगी धरलं होतं. गंमत म्हणजे पुल्लिंगी धरून पुढचा बदल अगदी बरोबर केला होता. पण शब्द नपुंसकलिंगी. अण्णांना राहवलं नाही. आपल्या बाजूने चाललेली साक्ष त्यांनी व्याकरणासाठी मध्येच तोडली.

दस्तगीरभाईंचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे निघून जातात.

"दास वेंटील," ते म्हणाले. सावकाश. "एर हाट दास वेंटील त्सूगेमाख्ट. इख हाबे गेझेहन. मिट मायनन आउगन."

अण्णांनी व्हॉल्व्ह बंद केला. मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी.

त्यात झोल नव्हता. कुठेच नव्हता. हे मी साहेबांना सांगितलं नाही, पण पेन्सिलने लिहून घेताना माझा हात हलका झाला होता.

साहेबांनी हाताची घडी घातली. म्हणाले, "मुजावर, एक कळतंय ना तुम्हाला? हे मी धरलं की एप्रिलचं तिकीट मगदूमचं."

मी जर्मन करायला लागले, तर दस्तगीरभाईंनी मला थांबवलं. प्रश्न मराठीत कळला होता.

"दास वाइस इख," ते मान डोलावून म्हणाले.

हे तीन शब्द मी मराठीत केले नाहीत. साहेबांनी मागितलेही नाहीत.

*

उत्तरे

साहेबांनी विचारलं की बंद होता तर वाफ आत शिरली कुठून? गुरुवारीच तो व्हॉल्व्ह बदलून भंगारात टाकला होता, कारण माणसाची चूक सापडल्यावर वस्तू तपासायची कुणाला गरज वाटली नव्हती. भंगारातून काढून फोडला. आत बसकीवर, म्हणजे तबकडी टेकते तिथे, वेल्डिंगचा एक मणी अडकलेला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. चाक घट्ट व्हायचं, वर थापही बसायची आणि आत वाफ गळत राहायची. निलंबन मागे घेतल्याचं पत्र मी टाइप केलं. तीन प्रती. त्या दिवशी माझी एकही चूक झाली नाही. टेलेक्सवर नाव मगदूमचं गेलं.

त्यानंतर ते दोघं गळ्यात पडले, असं मी लिहिलं तर खोटं होईल. आठवडाभर काहीच झालं नाही. मग एका दुपारी मी कँटीनमध्ये पाणी प्यायला गेले, तर दस्तगीरभाई जुन्या बाकावर होते. अण्णांपासून दोन हात अंतर ठेवून, डबा मांडीवर. अण्णा त्यांना विचारत होते, मीठ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये विचारत होते. दस्तगीरभाईंनी जर्मनमध्ये सांगितलं. चुकीचं सांगितलं. अण्णांनी त्यांना जर्मनमध्ये वेडा म्हटलं.

शपथ मोडायची नव्हती. मोडली नाही. अण्णा तीन महिने जाऊन आले, रोज रात्री शिकलेले शब्द वहीत भरून घेऊन आले आणि ते सगळे दस्तगीरभाईंना दिले, एकेक करून, जेवताना. पुढे अकरा वर्षं, दोघं निवृत्त होईपर्यंत, इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या कँटीनमध्ये दोन माणसं ज्वारीची भाकरी खात एकमेकांशी फक्त जर्मन बोलत होती. पावसावर, मुलींच्या लग्नांवर, गुडघेदुखीवर, साहेबांवर. विभक्ती सगळ्या चुकीच्या. 'तुम्ही' कधी नाही, कायम 'डू', म्हणजे 'तू'. रानडेबाई शेवटी शेवटी आल्या की दारात उभ्या राहून ऐकायच्या. मी दुरुस्त करू का म्हणून एकदा त्यांना विचारलं, तर त्या नको म्हणाल्या.

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९८८. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भूपाल मगदूम यांनी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला.